बाबागाडीतली कॉमिक्स

१९६८ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या हाइट स्ट्रीटवर रॉबर्ट क्रम्ब नावाचा चोवीस वर्षांचा चित्रकार आणि त्याची बायको डेना बाबागाडी ढकलत निघाले. गाडीत बाळ नव्हतं. बाळ अजून डेनाच्या पोटात होतं. गाडीत होते 'झॅप कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचे गठ्ठे, किंमत पंचवीस सेंट. अंक काढला होता डॉन डोनाह्यू या मित्राने आणि छापून दिला होता चार्ल्स प्लायमेल नावाच्या एका कवीने. मध्ये दुकानदार नाही, एजंट नाही, कमिशन नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, अंक हातात द्यायचा, पैसे घ्यायचे.

अमेरिकेतल्या स्वतंत्र कॉमिक्सचा इतिहास सांगणारे बहुतेक जण याच गाडीपासून सुरुवात करतात. मीही तेच करतेय. फक्त त्यांना गाडीतले अंक दिसतात आणि मला गाडीसोबत चालणारी ती गरोदर बाई दिसते. असो, तिच्याकडे पुन्हा येईनच.

जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला म्हातारपणी हे काय सुचलं, असं भाचेमंडळींना वाटेल. त्याला कारण माझी नात. ती अमेरिकेत शिकते. मागच्या खेपेला तिने 'गर्ल जीनियस' नावाच्या कॉमिकचे दोन खंड माझ्यासाठी आणले. माझं इंग्रजी वाचन अजूनही बैलगाडीच्या वेगाने चालतं, पण चित्रांनी हात दिला. वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आजी, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे." मी विचारलं, मग लोक विकत कशाला घेतात? तिने खांदे उडवले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. उत्तर शोधता शोधता मी पार त्या बाबागाडीपर्यंत जाऊन पोचले.

गाडी ढकलायची वेळ मुळात का आली, ते आधी सांगते. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. (दप्तरातून वेताळ आणि मॅन्ड्रेक जप्त करणारे शिक्षक आपल्याकडेही होतेच की!) सरकारने बंदी घातली नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी आपण होऊनच एक नियमावली केली, तिचं नाव 'कॉमिक्स कोड'. तिच्यात बसणाऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर शिक्का यायचा, आणि शिक्का नसलेला अंक वितरक सहसा उचलत नसत. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या सगळ्या कहाणीत ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे. लिहायला, चित्रं काढायला, छापायला कुणी मनाई केली नव्हती. अंक वाचकापर्यंत जाण्याची वाट तेवढी बंद झाली होती.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या या मुलांनी वाट बदलली. कॉमिक्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'एक्स' घालून त्यांनी आपली जात वेगळी केली आणि ज्या दुकानांत चिलमी, सिगारेटचे कागद, भडक रंगांची पोस्टरं मिळत, तिथे आपले अंक ठेवले. त्या दुकानांना शिक्क्याशी काही देणंघेणं नव्हतं.

हे वाचताना मला आपली अनियतकालिकं आठवली नसती तरच नवल. 'शब्द', 'असो', 'वाचा', 'फक्त'... ही नावं मराठी घेऊन बी.ए. केलेल्या माझ्या पिढीला ठाऊक असतात. तो काळही साधारण तोच. मोठी मासिकं आपलं छापत नाहीत आणि छापलं तरी त्यांच्या मापाने कापून छापतात, असं म्हणणारी तरुण मंडळी स्वतःच संपादक, स्वतःच प्रकाशक आणि स्वतःच गठ्ठे वाहणारे हमाल झाली. १९६९ मध्ये 'सत्यकथा'ची होळी झाली, तेव्हा तिकडे 'झॅप'ला जेमतेम वर्ष होत होतं. दोघांना एकमेकांची खबर असेल-नसेल. पण सायक्लोस्टाइल आणि छोटी ऑफसेट यंत्रं दोन्हीकडे हाताशी आली होती, आणि यंत्र स्वस्त झालं की बंडखोर आपोआप उगवतात असा माझा अंदाज आहे.

आणखी एक साम्य आहे, ते मात्र गौरवाचं नाही. 'झॅप'च्या चित्रकारांच्या टोळीत एकही बाई नव्हती. सगळ्या जगाची बंधनं तोडायला निघालेल्या या पुरुषांनी बायकांची चित्रं जशी काढली आहेत ती मला पाहवली नाहीत. ट्रिना रॉबिन्स नावाची चित्रकार तेव्हा तिथेच होती. या मंडळींच्या अंकांत आपल्याला जागा मिळत नाही हे दिसल्यावर तिने १९७० मध्ये इतर मैत्रिणींना घेऊन संपूर्णपणे बायकांनी काढलेलं पहिलं कॉमिक केलं. पुढे १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स' नावाचा संग्रह निघू लागला. तो वीस वर्षं चालला. म्हणजे बंडखोरांच्या गाडीत जागा नव्हती म्हणून बायकांना दुसरी गाडी काढावी लागली. आपल्या अनियतकालिकांच्या याद्या काढून पाहा, बायकांची नावं बोटावर मोजण्याइतकी.

चिलमींच्या दुकानांची वाट पाच वर्षंच टिकली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की अश्लील काय हे ठरवताना त्या त्या ठिकाणच्या समाजाची मापं लावायची. गावोगावचे दुकानदार हबकले. पुढे चिलमींवरच कायद्याची गदा आली. पुन्हा तेच. चित्रकार शाबूत, छापखाना शाबूत, वाट बंद.

यानंतर या कहाणीत जो माणूस येतो तो माझा विशेष लाडका, कारण तो आमच्या बिरादरीतला. फिल स्यूलिंग. ब्रुकलिनमधल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे मास्तर. कॉमिक्सचं वेड इतकं की १९६८ पासून ते न्यूयॉर्कमध्ये दर वर्षी कॉमिक्सवाल्यांचं संमेलनच भरवायचे. त्यांनी केलेला बदल दिसायला अगदी वाण्याच्या वहीतला आहे, पण त्याने सगळं चित्र पालटलं.

तोवर कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जायची. न विकलेल्या अंकाचं मुखपृष्ठ, किंवा त्याचा वरचा तुकडा, फाडून परत पाठवायचा की त्याचे पैसे वळते व्हायचे. उरलेला अंक रद्दीत. (दिवाळी अंकांचे परत आलेले गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना संपादकाच्या पोटात येणारा गोळा वेगळा समजावून सांगायला नको.) छोट्या प्रकाशकाला हे परवडणारच नाही. दहा हजार छापायचे, किती परत येणार ते महिनोन्‌महिने कळणार नाही, आणि तोवर छापखान्याचं बिल दारात. स्यूलिंग मास्तरांनी १९७३ च्या सुमाराला मोठ्या प्रकाशकांना गाठलं आणि सांगितलं, मला जास्त सूट द्या, मी आगाऊ मागणी नोंदवीन आणि एकही अंक परत करणार नाही. न खपलेला माल दुकानदाराचा, जुने अंक म्हणून तो पुढे विकेल. झालं! नुसत्या कॉमिक्सची अशी खास दुकानं उभी राहू लागली आणि किती प्रती लागणार हे छापण्याआधीच कळू लागलं. धोका प्रकाशकाच्या डोक्यावरून दुकानदाराच्या डोक्यावर गेला.

स्यूलिंगनी केलं ते मोठ्या कंपन्यांच्या अंकांसाठी, पण खरा फायदा झाला एकट्यादुकट्यांचा. कॅनडातल्या किचनर गावी डेव्ह सिम नावाच्या मुलाने डिसेंबर १९७७ मध्ये 'सेरेबस' सुरू केलं. नायक एक आर्डवार्क, म्हणजे मुंग्या खाणारा लांब नाकाचा प्राणी. तीनशे अंक काढीन अशी त्याने प्रतिज्ञा केली आणि मार्च २००४ मध्ये तीनशेवा अंक काढला. (त्याची बायकांविषयीची पुढची मतं वाचून मी ते पुस्तक मिटून ठेवलं. चिकाटी मात्र कबूल करायलाच हवी. सुरुवातीची प्रकाशक म्हणून धावपळ करणारी त्याची बायकोच होती, डेनी लूबर्ट.) १९७८ मध्ये वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्याने 'एल्फक्वेस्ट' काढलं. पहिला भाग दुसऱ्याच्या मासिकात आला तेव्हा छपाई पाहून दोघं इतके नाराज झाले की पुढचं सगळं स्वतःच छापायचं ठरवलं. या दोघांची ओळखसुद्धा कॉमिकमुळेच झालेली. एका अंकातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात वेंडीचं पत्र आलं होतं, ते वाचून रिचर्डने तिला पत्र टाकलं. पत्र मग लग्न, आणि लग्न मग प्रकाशन संस्था!

१९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन मुलांनी उसनवारी करून सुमारे तीन हजार प्रती छापल्या. ती ती सुप्रसिद्ध निन्जा कासवं. मग काय, जो तो कृष्णधवल कॉमिक छापायला लागला. कासवांची नक्कल म्हणून कराटे करणारे हॅमस्टर उंदीरसुद्धा निघाले, खोटं नाही सांगत. दुकानदारांनी डोळे मिटून गठ्ठे घेतले, १९८७ च्या आसपास फुगा फुटला, माल परत करायची सोय नव्हतीच. मास्तरांच्या व्यवस्थेची ती दुसरी बाजू.

'बोन'विषयी जरा थांबते, कारण ते मी सगळं वाचलं आहे. जेफ स्मिथने १९९१ ते २००४ या काळात पंचावन्न अंकांत ही तेराशेहून अधिक पानांची गोष्ट स्वतः प्रकाशित करून पूर्ण केली. पांढरी, गोलमटोल, हाडाच्या आकाराची तीन भावंडं एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात, एवढंच सांगते. नातवंडं असतील तर जरूर द्या. आणि ही प्रकाशन संस्था सांभाळली कुणी? विजया अय्यर, स्मिथची बायको. सिलिकॉन व्हॅलीतली चांगल्या पगाराची नोकरी सोडून ती छपाई, हिशेब, मागण्या, गोदाम असं सगळं बघायला लागली. हाइट स्ट्रीटवरच्या डेनाकडे पुन्हा येईन म्हणाले होते ते यासाठी. मुखपृष्ठावर एकाचं नाव असतं आणि गाडी दोघं ढकलत असतात.

याच सुमाराला वाटेवर पुन्हा नाका उभा राहिला. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा तसा. १९९४ च्या शेवटी मार्व्हल या बड्या कंपनीने हीरोज वर्ल्ड नावाचा एक वितरक विकत घेतला आणि १९९५ पासून आपले अंक फक्त त्याच्याकडूनच मिळतील असं जाहीर केलं. मग बाकीच्या मोठ्यांनी 'डायमंड' या दुसऱ्या वितरकाशी तसाच करार केला. मधले सगळे चिरडले गेले. १९९६ मध्ये डायमंडने उरलेला मोठा प्रतिस्पर्धी विकत घेतला, १९९७ मध्ये मार्व्हलचा प्रयोग फसून तीही डायमंडकडे आली. दोन-तीन वर्षांत अनेकांचा एक झाला. सरकारने मक्तेदारीची चौकशी केली, ती २००० मध्ये काहीही कारवाई न करता मिटली.

आता दुकानदाराने मागणी नोंदवायची ती डायमंडच्या जाडजूड मासिक यादीतून. छोट्या प्रकाशकाचं कॉमिक त्या यादीत नसलं की दुकानांच्या लेखी ते जवळजवळ नसल्यातच जमा. यादीत राहायचं तर ठरावीक रकमेची मागणी यायला हवी. २००९ मध्ये ही रक्कम दीड हजार डॉलरवरून अडीच हजारांवर नेली. डायमंडला दोष देता येतो, पण गोदामाचं भाडं त्यांनाही असणारच. मात्र 'झॅप'सारखा अंक २००९ मध्ये निघाला असता तर त्या यादीत कितपत टिकला असता, कोण जाणे.

इंटरनेटकडे वळायची पार्श्वभूमी ही आहे. पुष्कळ जण सांगतात तसं, कागद जुना झाला आणि पडदा नवा आला म्हणून लोक तिकडे गेले, इतकं ते सोपं नव्हतं. चित्रकारांना पडद्याचं फार प्रेम होतं असंही नाही. त्यांना नाका नसलेली वाट हवी होती.

वाट दाखवणारे होते स्कॉट मॅकक्लाउड. त्यांचं १९९३ चं पुस्तक म्हणजे कॉमिक्स कसं वाचलं जातं याचं कॉमिकमध्येच केलेलं विवेचन. आमच्या बी.एड.च्या क्रमिक पुस्तकांत असं एक असतं तर! २००० मध्ये त्यांनी दुसरं पुस्तक काढलं आणि दोन गोष्टी मांडल्या. एक, पडद्याला पानाची चौकट नाही, तो अमर्याद लांब-रुंद कॅनव्हास आहे. दोन, वाचकाने थेट चित्रकाराला चार-आठ आणे द्यावेत, मध्ये कुणी नको. २००३ मध्ये त्यांनी स्वतः एक कॉमिक पंचवीस सेंटला विकायला ठेवलं. किंमत पाहून मला बाबागाडीच आठवली. पण ज्या कंपनीमार्फत हे सुटे पैसे देता येत, ती बिटपास २००७ मध्ये बंद पडली. पंचवीस सेंटसाठी खातं उघडा, आकडे भरा, हा खटाटोप कोण करणार? रस्त्यात उभं राहून खिशातलं नाणं काढणं सोपं होतं. अमर्याद कॅनव्हासचं स्वप्न मात्र दक्षिण कोरियात वेगळ्या रूपात खरं झालं. तिथे २००३-०४ पासून वरून खाली सरकवत वाचायच्या कॉमिक्सचा केवढा तरी उद्योग उभा राहिला. तो विषय मोठा आहे, इथे नको.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. काया आणि फिल फोलिओ हे सिएटलचं जोडपं (पुन्हा जोडपंच, पाहा!) २००१ पासून 'गर्ल जीनियस' छापत होतं. वेड्या शास्त्रज्ञांच्या जुन्या युरोपातली अगाथा नावाच्या मुलीची गोष्ट, यंत्रं आणि विनोद यांनी खच्चून भरलेली. तेरा अंक छापून झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये त्यांनी सुटे अंक छापणं बंद केलं आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार एकेक पान इंटरनेटवर टाकायला लागले. फुकट. हिशेब साधा होता. छापील अंकातून फारसं सुटत नाही, सुटतं ते अनेक अंक एकत्र करून काढलेल्या पुस्तकातून. म्हणजे सुटा अंक ही पुस्तकाची जाहिरातच. मग ती छापायला एवढा खर्च कशाला? पुढे त्यांनीच सांगितलं की पुस्तकं आधीपेक्षा जास्त खपू लागली. २००९ मध्ये विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत चित्रकथांसाठी नवा विभाग सुरू झाला, तो पुरस्कार यांनी ओळीने तीन वर्षं घेतला आणि चौथ्या वर्षी 'आता आमचा विचार करू नका' असं स्वतःच सांगितलं. हे मला फार आवडलं.

तर लोक विकत का घेतात? मला वाटतं, कारण जे आठवड्यातून तीनदा आपल्या घरी येतं ते परकं राहत नाही. आपल्याकडे १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. वाचकांना गोष्ट तुकड्यातुकड्याने मिळाली होती, म्हणून पुस्तकाची किंमत कमी झाली का? जी यमू आठवड्याच्या आठवड्याला घरात येऊन बसली, तिला कपाटात जागा द्यावीशी वाटणारच. फुकट वाचलेलं विकत घेणारा माणूस कागदाचे पैसे देत नसतो, सोबतीचे देत असतो. नातीला हे सांगितलं. तिचं म्हणणं, "आजी, टी-शर्टही घेतात." असेल बुवा.

पुढे पिनी जोडप्याने २००८ मध्ये 'एल्फक्वेस्ट'ची तोवरची हजारो पानं इंटरनेटवर फुकट ठेवली. आणि २०१२ मध्ये तर कमाल झाली. रिच बर्लू नावाचा चित्रकार २००३ पासून काड्यांच्या माणसांचं एक कॉमिक इंटरनेटवर काढत होता. त्याचं एक संपलेलं पुस्तक पुन्हा छापायला त्याने वाचकांकडे सत्तावन्न हजारांच्या आसपास डॉलर मागितले. महिन्याभरात सुमारे पंधरा हजार लोकांनी साडेबारा लाख डॉलर दिले! तिकडे याला किकस्टार्टर म्हणतात आणि २००९ चा शोध मानतात. आपण त्याला प्रकाशनपूर्व सवलत म्हणतो, आणि मनीऑर्डरीने पैसे पाठवून वर्षभर पुस्तकाची वाट पाहिलेले लोक माझ्या वाचकांतही असतील. गंमत पाहा, इंटरनेटवर जन्मलेल्या कॉमिकला एवढे पैसे मिळाले ते कागदावर येण्यासाठी.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण नवीन वाटेवरही नाका आला. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कॉमिक्सॉलॉजी ही कंपनी फोन आणि आयपॅडवर कॉमिक्स विकण्यात सगळ्यांच्या पुढे गेली. एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची तिची युक्ती माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना सोयीची. २०१३ मध्ये तिने एकट्या चित्रकारांनाही दार उघडलं. वर्षभरात, एप्रिल २०१४ मध्ये, अॅमेझॉनने ती विकत घेतली आणि काही आठवड्यांतच आयफोन-आयपॅडवरच्या अॅपमधलं खरेदीचं बटण गेलं, कारण अॅपल तिथल्या विक्रीवर तीस टक्के घेतं. एका नाक्याच्या पुढे दुसरा नाका! २०२२ मध्ये तिचं स्वतंत्र दुकान अॅमेझॉनच्या दुकानात विरघळवलं, २०२३ च्या जानेवारीत बहुतेक माणसं काढली, डिसेंबरात अॅपही बंद करून सगळं किंडलमध्ये ढकललं. विकत घेतलेली पुस्तकं वाचकाच्या नावावर राहिली खरी, पण वाचायच्या परवान्यापुरती. छोट्या चित्रकारांचं कॉमिक जिथे समोर मांडलेलं दिसायचं ते फळकुट मात्र गेलं. गंजीत सुई ठेवावी तसं ते आता किंडलच्या ढिगात.

आणि ज्या छापील नाक्याला चुकवून हे सगळे पळाले, त्याचं काय झालं? एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत डायमंडने काही आठवडे नवीन माल पाठवणंच थांबवलं. तोवर मोठ्यांना जाग आली. २०२० मध्ये डीसी बाहेर पडली, २०२१ मध्ये मार्व्हल. जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामात छोट्या प्रकाशकांची पुस्तकं होती, 'विकल्यावर पैसे द्या' अशा बोलीवर ठेवलेली, म्हणजे मालकी प्रकाशकांची. २०२५ च्या जूनमध्ये डायमंडने कोर्टाकडे परवानगी मागितली की ती पुस्तकं विकून आम्हाला बँकेचं देणं फेडू द्या. प्रकाशकांनी विरोध केला. आपलीच पुस्तकं आपल्याला मिळावीत म्हणून त्यांना वकील करावे लागले. स्वयंपाकघरात बसून अंक तयार करणाऱ्या नवरा-बायकोंनी वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

एका बाबतीत मात्र मी कागदाच्या बाजूने आहे. नाका बुडाला तरी आधी विकली गेलेली पुस्तकं लोकांच्या घरात राहतात. १९६८ चा 'झॅप' आजही पिवळा पडलेला का होईना, मिळतो. ओहायोमध्ये विद्यापीठाचं एक ग्रंथालय तर केवळ व्यंगचित्रं आणि कॉमिक्स यांच्यासाठी आहे. इंटरनेटवरचं कॉमिक जागेचं भाडं थकलं की एका रात्रीत नाहीसं होतं. चित्रकार आजारी पडला, संसारात अडकला, गेला, की त्याची वीस वर्षांची पानं गेली. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने २०१७ मध्ये निवडक इंटरनेट कॉमिक्सचा संग्रह लोकांसाठी खुला केला, ही बातमी वाचून मला बरं वाटलं. सरकारी ग्रंथपालांनी फुकट्या कॉमिक्सची पानं जपून ठेवायची हे १९५४ च्या सिनेटरांना सांगितलं असतं तर!

आपल्या अनियतकालिकांना असा कुणी वाली मिळाला का, याचा विचार करता करता माळ्यावरची ट्रंक खाली काढवली. लग्नाआधीपासूनचे तीन अंक तिच्यात आहेत. सायक्लोस्टाइलची शाई तपकिरी झालीय आणि पिना गंजून कागदात रुतल्यात. नात म्हणते, दिवाळीत आले की स्कॅन करू. पण यंत्रावर ठेवायचे तर आधी पिना काढायला हव्यात. ते काम मी तिच्यावर सोपवणार नाही. कालच एका अंकाच्या दोन पिना नखाने उचकून काढल्या, एका पानाचा कोपरा जरा फाटलाच. उरलेल्या दोन अंकांसाठी सोनाराकडचा बारीक चिमटा मिळतो का पाहते.